कार्बनचं कातडं, कागदाचं पोट: रेसिंगच्या बोटीची पहिली ओळख

एकेरी स्कलची, म्हणजे एकाच माणसाने दोन वल्ह्यांनी चालवायची, बोट साधारण सव्वाआठ मीटर लांब असते आणि पाण्याच्या रेषेवर तिची रुंदी जेमतेम तीस सेंटिमीटर भरते. शर्यतीच्या बोटीचं वजन १४ किलो. घरातला रिकामा गॅस सिलिंडरही याहून थोडा जडच असतो. तिच्यात ऐंशी-नव्वद किलोचा माणूस बसतो, मिनिटाला तीस-पस्तीस वेळा वल्ही ओढतो, दोन किलोमीटर जातो आणि बोटीला काही होत नाही. त्याच बोटीत चढताना टाच भलत्या जागी पडली, तर तळाला आरपार भोक पडतं. दोन्ही गोष्टी एकाच रचनेमुळे घडतात. ती रचना समजली की बोट कुठे धरायची, नट किती आवळायचा आणि भोक कसं बुजवायचं, हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

कातडं आणि पोट

पुठ्ठ्याच्या खोक्याची एक पट्टी कापून कडेने पाहा. दोन सपाट कागद आणि त्यांच्यामध्ये नागमोडी कागद. एकेक कागद लुळा आहे, पण तिघं मिळून ताठ उभे राहतात. रेसिंगच्या बोटीचं अंग याच तत्त्वावर बनतं. बाहेरून एपॉक्सीत भिजवलेल्या कार्बनच्या कापडाचा पातळ थर, आतून तसाच दुसरा थर आणि मध्ये पोळ्यासारखी षटकोनी घरं असलेली नोमेक्सची जाळी. नोमेक्स म्हणजे अरामिड तंतूंचा कागद, इथे फिनॉलिक रेझिनमध्ये बुडवून कडक केलेला. बोट वाकायला लागली की एक कातडं ताणलं जातं, दुसरं दाबलं जातं आणि जाळी त्या दोघांना ठरावीक अंतरावर धरून ठेवते. कातड्यांमधलं अंतर दुप्पट केलं की ताठपणा जवळजवळ चौपट होतो. वजन मात्र फारसं वाढत नाही, कारण जाळीत बहुतेक हवाच असते.

कागदी पोट ऐकून हसू नये. अमेरिकेत ट्रॉय गावच्या वॉटर्स कुटुंबाने १८६० च्या दशकाअखेरीस लगदा-कागदाचे थर चिकटवून शर्यतीच्या बोटी बनवल्या होत्या आणि तिथल्या कॉलेजांनी त्या बोटींनी शर्यती जिंकल्या. पुढे दीर्घकाळ देवदार जातीच्या लाकडाचं राज्य होतं. १९७० च्या दशकात काच आणि कार्बनचे तंतू आले तेव्हा ते संपलं.

या रचनेचं दुखणंही जाळीतच आहे. वल्ह्यांचा जोर रिगरमधून, म्हणजे वल्ह्याला बोटीबाहेर आधार देणाऱ्या चौकटीतून, बोटीच्या बरगड्यांत येतो आणि सगळ्या अंगभर पसरतो, तो ती सहज पेलते. पण टाच, दगड, ट्रेलरच्या गजाचं टोक असला एका ठिपक्यावरचा जोर आला की वरचं पातळ कातडं एकटं पडतं. खालची घरं चुरडतात, कातडं जाळीपासून सुटतं. बाहेरून कधी कधी ओरखडाही दिसत नाही.

तंतू तीन प्रकारचे भेटतील. नेहमीच्या कार्बन तंतूचा ताठपणा २३० गिगापास्कलच्या आसपास, केव्हलारचा साधारण ११० ते ११५, काचेचा ७० च्या जरा वर. कार्बन ताठ पण तडकणारा. केव्हलार सगळ्यांत हलका आणि चिवट, म्हणून धडका सोसतो; मात्र दाबाखाली कमजोर, ओल धरतो आणि घासायला गेलं की कापसासारखा फिसकटतो. काच जड, स्वस्त आणि सोशिक. नवख्यांच्या बोटी काचेच्या किंवा काच-कार्बन मिश्र असतात, त्यात कमीपणा काही नाही. धक्क्याला रोज एकदा आपटणारी बोट काचेचीच असावी.

वजन की ताठपणा?

नवख्याचा पहिला प्रश्न वजनाचा असतो. आंतरराष्ट्रीय नियमांनी तो बराचसा मिटवलाय. किमान वजन एकेरी स्कलला १४ किलो, दुहेरीला २७, क्वाडला, म्हणजे चौघांच्या स्कलला, ५२, कॉक्स (दिशा सांभाळणारा) नसलेल्या चौघांच्या स्वीप बोटीला (प्रत्येकाकडे एकच वल्हं) ५०, आठजणांच्या बोटीला ९६. याखाली बोट भरली तर वजनं बांधावी लागतात. म्हणजे चांगल्या कारखान्याची चढाओढ १४ किलोचे १३ करण्यात नाही. तेवढ्याच १४ किलोंत जास्तीत जास्त ताठ बोट देण्यात आहे.

वजनाचा हिशोबही करून पाहू. बोटीला होणारा बहुतेक विरोध पाण्याच्या घर्षणाचा असतो आणि तो भिजलेल्या पृष्ठभागावर ठरतो. माणूस आणि बोट मिळून शंभर किलो धरले, तर एक किलो वाढल्याने वेग सुमारे ०.२ टक्का घटतो. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी स्कलमध्ये तेरावा आला. त्या पातळीवर २००० मीटर साधारण सात मिनिटांत होतात. त्यातला ०.२ टक्का म्हणजे जेमतेम एक सेकंद, चारेक मीटर. तिथे हा फरक मोठा आहे. पहिल्या वर्षाच्या मुलाने १७ किलोची बोट जड म्हणून कुरकुरू नये. एका बिघडलेल्या स्ट्रोकमध्ये तो याहून जास्त घालवतो.

ताठपणाची गोष्ट वेगळी. ओढीच्या सुरुवातीला रिगर वाकला किंवा बोट पिळली, तर पायांनी लावलेला जोर पातं पाण्यात घट्ट बसायच्या आत धातू वाकवण्यात जातो. वाकलेला भाग नंतर परत येतो, पण उशिरा. म्हणून हल्लीच्या बोटींवर तीन नळ्यांच्या जुन्या रिगरऐवजी एकसंध पंखासारखा विंग रिगर दिसतो.

बोट निवडताना, विशेषतः जुनी

1. आधी वजनगट विचारा. प्रत्येक साचा एखाद्या वजनपट्ट्यासाठी असतो, उदाहरणार्थ ७० ते ८० किलो. ५५ किलोचा रोअर ९० किलोच्या बोटीत बसला तर बोट उंच तरंगते, डुलते आणि गेट, म्हणजे वल्हं अडकवायच्या खोबणी, त्याच्या छातीशी येतात. उलट केलं तर डेक (बोटीची वरची झाकलेली बाजू) पाण्याला टेकतं आणि वाऱ्यात बोट भरते.

2. बोट तोला. कारखान्याने दिलेल्या वजनापेक्षा दीड-दोन किलो जास्त भरली, तर दोनच शक्यता: जाळीत पाणी शिरलंय किंवा डागडुजीचे थरावर थर चढलेत.

3. पाच रुपयांचं नाणं घेऊन तळभर हलकेच ठोकत जा. धड जागी आवाज टणक येतो. कातडं सुटलं असेल तिथे तडा गेलेल्या मडक्यासारखा बद्द येतो. तेवढ्या भागाभोवती पेन्सिलीने रेघ मारा. फिनच्या (तळाखालच्या छोट्या पंखाच्या) मुळाशी, रिगरच्या बोल्टांभोवती आणि ट्रेस्टल (बोट ठेवायचे घोडे) टेकतात तिथे जास्त वेळ द्या.

4. बोट उलटी ठेवून टोकाशी डोळा लावा आणि तळाची रेघ पाहा. ती केळ्यासारखी एका बाजूला गेली असेल तर बोट सोडून द्या. भोक बुजवता येतं, बाक काढता येत नाही.

5. चौघांच्या किंवा आठजणांच्या बोटीत एका टोकाचा रिगर कुणाला तरी घट्ट धरायला सांगा आणि दुसऱ्या टोकाचा रिगर खाली दाबा. बोट किती पिळते ते पाहा. दोन-तीन बोटींवर करून पाहिलं की हाताला फरक कळतो.

उचलणं, बसणं, ठेवणं

बोट बाजूच्या कडांना किंवा आतल्या आडव्या पट्ट्यांना धरून उचलायची. डेकवर हात दाबायचा नाही, फिनला धरायचं नाही. बसताना पाय फक्त सरकत्या सीटच्या दोन रुळांमधल्या पाय ठेवण्याच्या पट्टीवर. तिथे खाली जादा थर असतात; शेजारी चार बोटांवर ते नसतात.

आता हॅचची झाकणं. बोटीच्या दोन्ही टोकांना बंद हवेचे कप्पे असतात, बोट भरली तरी तिने रोअरला तरंगत ठेवावं म्हणून. पाण्यावर जाताना झाकणं बंद, बाहेर आल्यावर उघडी. हा नियम विसरला की दोन्हीकडून फटका बसतो. उघडी राहिली तर उलटलेल्या बोटीत पाणी शिरतं आणि ती बुडते. बंद ठेवून बोट एप्रिलच्या उन्हात ट्रेलरवर टाकली तर आतली हवा फुगते आणि डेक व हलचा (बोटीच्या खालच्या अंगाचा) सांधा उकलतो. काळ्या कार्बनच्या बोटीला हे लवकर होतं.

मुळा-मुठेसारख्या नदीत आणखी एक पाहुणा असतो, जलपर्णी. फिनमध्ये तिची मुळी अडकली की बोट एका बाजूला ओढते आणि नवखा रोअर वल्ह्याला दोष देत बसतो. बोट अचानक जड वाटली तर थांबा, दोन-चार स्ट्रोक उलटे मारा, बहुतेक वेळा ती सुटते. जोर लावून पुढे गेलात तर फिन मुळापासून हलतो आणि पुढचं काम दुरुस्तीच्या टेबलावर.

जुळणी: एकेरी स्कल, पहिल्यांदा

हत्यारं थोडीच लागतात: १०-१३ चा पाना, स्टीलचा टेप, पाणसळ, दीड मीटरची सरळ पट्टी आणि पिच मोजायचं यंत्र. युरोपीय बोटींना १० आणि १३ मिमी चालतात. अमेरिकी बनावटीच्या काही बोटींना सात-सोळांश इंची पाना लागतो. तिथे मिमीचा पाना कोंबला की नटाचे कोपरे गोल होतात.

पहिलं काम समतल करणं. बोट ट्रेस्टलवर ठेवा, पाणसळ आधी रुळांवर लांबीत आणि मग सरळ पट्टीवर आडवी लावा. बोट कलती राहिली तर पुढची सगळी मापं खोटी निघतात.

मग स्पॅन, म्हणजे एका पिनच्या (गेट ज्याभोवती फिरतो त्या खांबाच्या) मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचं अंतर. नवख्यासाठी १५९ ते १६० सेंमी. फक्त एकूण मोजून भागत नाही. बोटीच्या मध्यरेषेपासून प्रत्येक बाजू ७९.५ ते ८० यायला हवी. एकीकडे ७९ आणि दुसरीकडे ८१ असली तरी बेरीज १६० च होते, आणि बोट मात्र वाकडी जाते.

उंचीसाठी सरळ पट्टी बोटीच्या दोन्ही कडांवर आडवी ठेवा. पट्टीपासून खाली सीटच्या सगळ्यांत खोल जागेपर्यंत मोजा, पट्टीपासून वर गेटच्या तळाच्या मध्यापर्यंत मोजा आणि दोन्ही जोडा. १५ ते १८ सेंमी हा नेहमीचा पट्टा. स्कलमध्ये डावा हात उजव्याच्या वरून जातो, म्हणून डाव्या हाताचा गेट अर्धा ते एक सेंमी उंच ठेवतात, समजा १६ आणि १७. इथे हमखास गोंधळ होतो. रोअर मागे तोंड करून बसतो, त्यामुळे त्याच्या डाव्या हाताकडे बोटीची उजवी बाजू येते. उजव्या बाजूचा रंग हिरवा, डाव्याचा लाल. डावा हात हिरव्यावर, एवढं लक्षात ठेवलं की गेट उलटसुलट बसत नाहीत. उंची बदलायला पिनवरच्या प्लास्टिकच्या चकत्या वर-खाली करायच्या. हँडल मांड्यांना घासत असेल तर दोन्हीकडे एकेक चकती चढवा.

पिच म्हणजे पाण्यातल्या पात्याचा उभ्या रेषेशी असलेला किंचित कल, साधारण ४ अंश. पिन सरळ उभी असेल तर गेटमध्ये ‘४-४’ लिहिलेली बुशिंग घाला. ‘३-५’ ची जोडी वर-खाली फिरवून एक अंश कमी-जास्त करता येतो. पिच कमी पडला की पातं खोल बुडतं आणि हात छातीशी येऊन अडकतात. जास्त झाला की पातं ओढीच्या मध्येच पाण्याबाहेर निसटतं. अर्थात पातं खोल जाण्याचं कारण नव्वद टक्के वेळा मुठीत असतं. पाना काढण्याआधी पकड पाहा.

फूटस्ट्रेचरचा, म्हणजे बूट बसवलेल्या पाय टेकायच्या पाटीचा, कोन ४० ते ४५ अंश, आणि टाचा सीटपासून १५ ते १८ सेंमी खाली. तो पुढे-मागे कुठे बसवायचा हे बोटीत बसून ठरवा: पाय सरळ, अंग थोडं मागे, आणि मुठींची टोकं बरगड्यांच्या बाहेरून निसटती जावीत. मुठी पोटात रुतत असतील तर स्ट्रेचर बोटीच्या पुढच्या टोकाकडे सरकवा. बरगड्यांपासून फार लांब राहत असतील तर मागच्या टोकाकडे.

शेवटी वल्ही. कुऱ्हाडीसारखं चौकोनी पातं आज सगळीकडे दिसतं. ते व्हरमाँटच्या ड्रायसिगॅकर बंधूंच्या कन्सेप्ट-टू कंपनीने १९९१ मध्ये बाजारात आणलं. त्याआधी १९५९ पासून मॅकन नावाचं सममित, पानासारखं पातं चालत होतं. चौकोनी पातं पाणी जास्त पकडतं, म्हणून वल्हं आखूड करावं लागलं. नवख्यासाठी एकूण लांबी २८६ ते २८८ सेंमी, कॉलरपासून (वल्ह्यावरचं, गेटला टेकणारं कडं) मुठीच्या टोकापर्यंत ८८. ओढ जड वाटली तर कॉलर पात्याकडे अर्धा सेंमी सरकवा, म्हणजे आतली लांबी ८८.५ होईल, किंवा वल्ह्याची लांबी एक सेंमीने घटवा. एका वेळी एकच बदल आणि तो वहीत. दोन केले तर कशाने काय झालं ते कळत नाही.

आवळण्याबद्दल थोडं. नट आधी बोटांनी शेवटपर्यंत फिरवा, मग पान्याने पाव फेरा. कार्बनच्या रिगरवर याहून जास्त जोर लावला तर वॉशरखालचे थर चिरडतात आणि नट पुन्हा सैल होतो. मग माणूस अजून आवळतो. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडा आवळला की आटेही एकमेकांत रुतून बसतात. थेंबभर ग्रीस लावा. पिनचा वरचा नट मात्र रोज तपासायचा, कारण वरचा आधार सुटला की पिन एकाच सरावात वाकते.

मुंबईची खाडी, गोव्याच्या नद्यांची मुखं अशा खाऱ्या पाण्यात आणखी एक शत्रू असतो. कार्बन वीज वाहून नेतो. ॲल्युमिनियमचा रिगर आणि कार्बनची बोट खाऱ्या पाण्याने जोडली गेली की बारीकसा विद्युतघट तयार होतो आणि त्यात ॲल्युमिनियम झिजतं. बोल्टाभोवती पांढरी पूड दिसली तर तीच खूण. दर वेळी गोड्या पाण्याने धुवा, महिन्यातून एकदा बोल्ट काढून पुसा, मध्ये नायलॉनचा वॉशर ठेवा.

भोक पडलं तर

किनाऱ्यावर आलात की आधी पुसून कोरडं करा आणि वरून इन्सुलेशन टेप लावा. हा इलाज त्या दिवसापुरता. टेपखाली आठवडाभर बोट वापरली तर जाळीची घरं एकामागून एक पाणी पितात.

खऱ्या दुरुस्तीत पहिली पायरी वाळवणं, आणि घाई इथेच होते. फुटलेलं कातडं कापून काढा, चुरडलेली जाळी उचकटा, हेअर ड्रायरने हाताला सोसेल इतपत उष्णता देऊन दोन-तीन दिवस उघडं ठेवा. ओल्या जाळीवर लावलेला थर धरत नाही.

मग भोकाच्या कडेने चारही बाजूंना अडीच सेंमीपर्यंत ८० नंबरच्या कागदाने उतार घासा, म्हणजे नवा थर जुन्यावर उभ्या पायरीने चढणार नाही. मास्क आणि हातमोजे आवश्यक. कार्बनची धूळ फुप्फुसाला वाईट आणि कातडीला दिवसभर खाजवते. नाण्याएवढा खड्डा असेल तर एपॉक्सीत मायक्रोबलून, म्हणजे काचेच्या पोकळ गोळ्यांची हलकी पूड, कालवून भरा. मोठा असेल तर तेवढ्याच जाडीच्या नोमेक्सचा तुकडा बसवा. नळ दुरुस्तीची पुट्टी भरू नका. ती जड आणि टणक असते. घासताना शेजारचं मऊ अंग आधी झिजतं आणि पुट्टीचा उंचवटा तसाच राहतो.

एपॉक्सी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोला, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवायची सवय पॉलिस्टर रेझिनवरून येते. तिथे तो फक्त वेग वाढवतो. एपॉक्सीत मात्र रेझिन आणि हार्डनर एकमेकांना जोडीने बांधतात, त्यामुळे जास्तीचा हार्डनर मोकळा राहतो आणि थर कायमचा चिकट, मऊ होतो. एका वेळी पन्नासेक ग्रॅमच कालवा. मोठा डबा कालवला तर स्वतःच्याच उष्णतेने धुमसतो. गाड्यांचे बंपर सांधणारा कारागीर स्वस्तात करून देतो म्हणाला तरी थांबा. त्याच्याकडे बहुधा पॉलिस्टर असतं आणि एपॉक्सीच्या जुन्या अंगावर ते नीट धरत नाही, चार महिन्यांत पापुद्र्यासारखं निघतं.

कापडाचे दोन थर पुरतात, दुसरा पहिल्यापेक्षा सेंटिमीटरभर मोठा. वर पील-प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), मग प्लास्टिक, मग वाळूची पिशवी. चोवीस तास हात लावू नका. पावसाळ्यात वाळलेल्या एपॉक्सीवर मेणचट पांढरा थर येतो: हार्डनरमधल्या अमाइनची हवेतल्या ओलीशी आणि कार्बन डायऑक्साइडशी झालेली क्रिया. तो घासून काढायला गेलात तर कागद भरून बसतो. आधी पाणी आणि भांडी घासायच्या हिरव्या घासणीने धुवा, वाळवा, मग २४० चा कागद आणि शेवटी दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग. रंग जाडसर नको. चांगल्या दुरुस्तीचं वजन ग्रॅममध्ये मोजता यायला हवं.

नियमांची चौकट

१९८१ मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत पश्चिम जर्मनीचा पेटर-मिखाएल कोल्बे अशा बोटीत जिंकला की जिच्यात सीट पक्की होती आणि रिगर-फूटस्ट्रेचर सरकत होते. माणसाचं जड शरीर पुढे-मागे जात नसल्याने बोटीचा वेग कमी हेलकावतो आणि विरोध घटतो. पुढे अंतिम फेरीतले इतरही तसल्या बोटींकडे वळले. मग नियम आला आणि ती बाद झाली. पाण्याचा तळालगतचा प्रवाह बदलणारे लेप आणि खाचांचे पापुद्रेही चालत नाहीत. त्यामुळे शर्यतीआधी तळाला मेण चोपडून काही साधत नाही. पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळतात, ते दिसायला छान, वेगाशी त्याचा संबंध नाही. साबणाच्या पाण्याने शेवाळ आणि तेलकटपणा काढला की पुरे.

पंच तपासतात त्यातल्या दोन गोष्टी जिवाच्या आहेत. बोटीच्या पुढच्या टोकाला किमान ४ सेंमी व्यासाचा मऊ पांढरा चेंडू हवा, तोही घट्ट बसलेला. नुसत्या टेपने अडकवलेला पहिल्याच धडकेत निघतो आणि खालचं टोक भाल्यासारखं असतं. दुसरी, बुटांच्या टाचांच्या दोऱ्या. टाच चार बोटांहून, म्हणजे सातेक सेंमीहून जास्त वर उचलता येता कामा नये. बोट उलटली की या दोऱ्या बुटाला धरून ठेवतात म्हणूनच पाय बुटातून बाहेर निसटतो. दोऱ्या उन्हाने कुजतात. धक्क्यावर उभे असतानाच प्रत्येक दोरी हाताने जोरात ओढून पाहा, तुटायची असेल तर तिथेच तुटू द्या.